महागाची बंदूक, स्वस्तातला ऑक्सिजन

प्रश्न (डिचोली): ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही पाच जण दर रविवारी आमच्या गच्चीवर साय-फाय रोलप्लेइंग गेम खेळतो, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र व्हायचं आणि मिळून अंतराळातली गोष्ट रंगवायची. गोष्ट चालवतो मी. नियम आमचेच: सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरीज आठ किंवा जास्त आली की काम झालं. दुकानाच्या यादीत प्रत्येक वस्तूचे तीन दर्जे ठेवलेत. साधी, चांगली, म्हणजे दुप्पट दर आणि बेरजेत अधिक एक, उत्तम, म्हणजे चौपट दर आणि अधिक दोन. तिसऱ्या रविवारीच चौघांकडे सगळं उत्तम झालं. मग मी दर दहापट केले, तर आता दुकानात कुणी पाय ठेवत नाही आणि मला ‘सावकार’ म्हणतात. किंमत आणि दर्जा यांची सांगड घालायची तरी कशी?

उत्तर: तुझी यादी मी माझ्या भाचीला दाखवली. मोबाइलवरून मान न उचलता ती म्हणाली, “सामान सगळं उत्तम घेईन, जेवण साधं घेईन.” तेव्हा तुझ्या खेळाडूंना दोष देऊ नकोस. दोन फाशांवर आठ किंवा जास्त यायच्या ३६ पैकी १५ जागा. अधिक दोन मिळाले की २६. चौपट पैसे म्हणजे फार तर एका मोहिमेची मजुरी, ती पुढच्या मोहिमेत पुन्हा मिळते. जीव काही पुन्हा मिळत नाही. असा सौदा समोर ठेवल्यावर सोडील कोण? दहापट दरानं तू तो सौदा फक्त पुढच्या महिन्यावर ढकललास.

मला विचारशील तर तू विकतोयस तो मालच चुकीचा आहे. तू यश विकतोयस.

बेतीला आमचं बोटींच्या सामानाचं दुकान होतं. कॉलेज सुटल्यापासून चौदा वर्षं मी त्या गल्ल्यावर काढली. उजव्या हाताला स्टेनलेस स्टीलच्या बोल्टचे दोन खण, वरच्यात ३०४, खालच्यात ३१६. दोन्ही चकचकीत, वजनाला सारखे, लोहचुंबक दोघांनाही जेमतेम ओळख दाखवतो. जोरसुद्धा सारखा. ३०४च्या डोक्यावर ए२-७० असा शिक्का, ३१६च्या डोक्यावर ए४-७०, आणि दोन्हींतल्या ७०चा अर्थ एकच: ७०० मेगापास्कल ताण सोसतो. तरी बाबा खालच्या खणातला बोल्ट दीडपट दरानं विकत. कारण त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्याला सहसा खड्डे पडत नाहीत. तुझ्या गच्चीच्या रेलिंगला ३०४ लाव, तुझी नातवंडंसुद्धा त्याला टेकून उभी राहतील. तोच बोल्ट मालिमच्या धक्क्यावरच्या ट्रॉलरला लाव, पुढच्या चवथीपर्यंत खाली गंजाचे ओघळ उतरलेले दिसतील.

एका वर्षी पुरवठादारानं आम्हाला ए४ म्हणून दिलेल्या डब्यात दुसराच माल निघाला. ऑक्टोबरात एक तांडेल, म्हणजे ट्रॉलरचा कप्तान, आला, खिशातून एक बोल्ट काढून काउंटरच्या काचेवर ठेवला आणि मला म्हणाला, “बाय, हें कितें?” डोक्याखाली, वॉशर बसतो तिथं, कोऱ्या चहाच्या रंगाचं कडं उमटलं होतं. मी नखानं खरवडलं तर मधे टाचणीच्या टोकाएवढं भोक. वरचा शिक्का मात्र कोरा करकरीत, ए४. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून बोल्ट बघितला, एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या डब्यातला जेवढा माल गेला होता तेवढा सगळ्यांना फुकट बदलून दिला. मला तेव्हा राग आला होता. आपण का भरायचे?

आता गंमत बघ. त्या बोल्टनं तोवर एकही काम बिघडवलं नव्हतं. जोर कमी पडला नव्हता. तुझ्या यादीत खऱ्या ३१६ला तू अधिक किती दिले असतेस? शून्य. आणि तरी तांडेल दीडपट मोजायला तयार होता, कारण धक्क्यावर उभं असताना त्याला बोल्टचा काही उपयोग नसतो. उपयोग असतो तो रात्री दोन वाजता, वीस वाव पाण्यात.

म्हणून मीही असा खेळ चालवते तेव्हा कुठल्याही महाग वस्तूला आधी विचारते, बाई, तुझं खारं पाणी कोणतं? अंतराळात उत्तरं भरपूर मिळतात. क्युरिऑसिटी हे रोव्हर २०१२ साली मंगळावर उतरलं, त्याचा मेंदू रॅड७५० नावाचा प्रोसेसर आहे. वेग २०० मेगाहर्ट्झपर्यंत. तुझ्या खिशातला फोन त्याला लाजवील. त्याची घराणेशाही बघायला गेलास तर १९९८च्या रंगीत आयमॅक संगणकात बसायचा तोच वंश. पण एकेका बोर्डाला लाखांच्या घरात डॉलर पडतात, ते वेगासाठी नव्हे. किरणोत्साराच्या माऱ्यात तो वेड्यासारखा वागत नाही, त्याचे ते पैसे. चंद्रावर खारं पाणी म्हणजे धूळ, काचेच्या चुऱ्यासारखी बोचरी. डिसेंबर १९७२ला अपोलो १७च्या गाडीचं चाकावरचं मडगार्ड तुटलं आणि ती धूळ अंतराळवीरांच्या अंगावर उडायला लागली. तेव्हा चार नकाशे डक्ट टेपनं चिकटवून, चिमटे लावून, मडगार्ड बनवलं. हा किस्सा मी खेळाडूंना मुद्दाम सांगते. मग ते दुकानात बंदुकीआधी टेप मागतात.

बाजारातल्या खेळांनी हा प्रश्न कसा सोडवलाय तेही बघ. गर्प्समध्ये कामाचं सामान चांगल्या दर्जाचं घेतलं तर अधिक एक आणि किंमत साधारण पाचपट, त्याहून सरस घेतलं तर अधिक दोन आणि वीसपट. तुझी दुप्पट-चौपट याच्यापुढे जत्रेतला सेल वाटते. सायबरपंक रेडमध्ये किमतींच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. १०० युरोबक्सचं जड पिस्तूल हलक्या दर्जाचं घेतलंस तर ५०ला, उत्कृष्ट घेतलंस तर ५००ला. उत्कृष्टला अधिक एक मिळतो, पण मला आवडतो तो हलक्याचा नियम: फाशावर एक पडला की पिस्तूल अडकतं आणि ते सोडवण्यात एक कृती जाते. नेम तोच, गोळी तीच. फक्त भरवसा अर्ध्या किमतीचा.

माझा आवडता हिशेब मात्र ट्रॅव्हलर या खेळाचा, १९७७चा. तिथं यानाचं शुद्ध इंधन टनाला ५०० क्रेडिट, अशुद्ध १००. छोट्या मालवाहू यानाची टाकी ३० टनांची, म्हणजे एका वेळेला १२,००० क्रेडिट वाचतात. यान दोन्हींवर सारखंच धावतं. अशुद्धात धोका एवढाच की एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे मारायच्या एखाद्या उडीला इंजिन दगा देतं, किंवा भलत्याच ठिकाणी बाहेर काढतं. माझ्याकडचे खेळाडू या १२,०००वरून एकदा पाऊण तास भांडले. एकाही बंदुकीवरून कधी एवढे भांडलेले नाहीत.

आता माझा नियम देते, तुझ्या दोन फाशांना तो तसाच बसेल. अधिक एक, अधिक दोन सगळं काढून टाक. हलकी वस्तू अर्ध्या दरात: दोन्ही फासे सारखे पडले की ती अडते. म्हणजे सहात एकदा. साधी वस्तू पूर्ण दरात: फक्त १-१ पडले तर अडते, ३६त एकदा. उत्तम वस्तू तिप्पट दरात: १-१ पडल्यावर तिसरा फासा टाकायचा आणि त्यावरही एक आला तरच अडते, २१६त एकदा. माझ्याकडे एका संध्याकाळी एकेक खेळाडू बारा-एक वेळा फासे टाकतो. त्या हिशेबानं हलकी वस्तू दर रविवारी दोनदा रुसते, साधी तीन रविवारांत एकदा, आणि उत्तम वस्तू सरासरीनं अठरा रविवारांत एकदा. चवथीला अडली तर पुढची पाळी संक्रांतीला.

यात एक मजा आपोआप येते. ४-४, ५-५, ६-६ हे तुझ्या नियमानं यशच. म्हणजे हलकं हत्यार निम्म्या वेळा काम फत्ते करून मग अडतं. दार कापून झालं आणि कटर विझला. आत तर पोचलो, आता बाहेर कसं पडायचं? मी यासाठी वेगळा प्रसंग लिहीतच नाही, फासे लिहून देतात. मात्र अडणं म्हणजे मोडणं समजू नकोस. एक पाळी खटपट केली की सुटतं. मोडायचंच असेल तर ते दुसऱ्यांदा अडल्यावर.

अधिक एकचा मोह सुटत नसेल तर एवढं बघ. ज्या नवशिक्याला आठ लागतात, त्याला अधिक एक दिला की ३६ पैकी २१ अपयशं १५वर येतात. ज्या उस्तादाला पाचच लागतात, त्याची सहाची तीन होतात. नवशिक्याला आनंद जास्त होतो, पण अपयश निम्म्यानं घटतं ते उस्तादाचं. म्हणून महाग पाना उस्तादच घेतो. आमच्या दुकानातही जुने मिस्त्री तासभर एक पाना हातात तोलत उभे राहायचे आणि नवे पोरगे स्वस्तातला सेट घेऊन सुटायचे.

सगळं महाग ते टिकाऊ, असंही करू नकोस. होडीमागे लावायच्या छोट्या आउटबोर्ड मोटारीच्या पंख्याला एक शिअर पिन असते. करंगळीपेक्षा बारीक, चार पैशांची आणि मुद्दाम कच्ची. पंखा खडकाला लागला की ती तुटते, गिअर वाचतात, दुसरी घालायची आणि घरी यायचं. आमच्या एका गिऱ्हाइकाला या सारख्या तुटणाऱ्या पिनेचा कंटाळा आला. त्यानं तिथं ड्रिलचं पातं कापून बसवलं. ते नाही तुटलं. गिअरबॉक्स तुटला. तुझ्या यादीत अशा दोन-तीन वस्तू ठेव आणि कुणी त्यांचा ‘उत्तम’ दर्जा मागितला तर हसून विक.

आणि काही किमती निव्वळ मिरवायच्या असतात. १९८९ साली आलेलं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे प्लास्टिकचं घड्याळ महिन्याला ३० सेकंदांच्या आत मागेपुढे होतं. स्वित्झर्लंडच्या प्रमाणपत्राचं चावीचं घड्याळ दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांत बसलं की पास. लाखांचं ते, आणि वेळ स्वस्तातलं बरी दाखवतं. खेळात सोन्याची मूठ असलेल्या लेझरला मी नेमात काही देत नाही. राजदूताशी बोलताना अधिक एक देते, आणि काळोख्या गल्लीत चोराला अधिक दोन.

राहता राहिले तुझे उत्तम माल घेऊन बसलेले चौघे. त्यांचं काही काढून घेऊ नकोस, पाप लागेल. त्यांना अशा ठिकाणी ने जिथं त्या मालाचे सुटे भाग मिळत नाहीत. माझ्या खेळात माझी भाची राजधानीतून चाळीस हजारांचा अंतराळसूट घेऊन एका खाणीच्या चंद्रावर गेली. गळ्याचं सील फाटलं. तिथल्या मिस्त्रीकडे खाणकामगारांच्या सूटची सीलं ढिगानं, पण मापं वेगळी. शेवटी तिनं चाळीस हजारांचा सूट देऊन कामगाराचा ठिगळाचा सूट घेतला, वर दोन ऑक्सिजनच्या नळ्या मागून घेतल्या. आता ती कुठल्याही दुकानात गेली की पहिला प्रश्न विचारते, “याचं सील कुठं मिळतं?”

प्रश्न (वास्को): माझ्या गटातले विद्यार्थी एक जुनं यान विकत घेणार आहेत. मी गणिताचा शिक्षक, त्यामुळे घसारा काढून किंमत सांगितली, पण व्यवहारात काही रंगत येईना. जुन्या मालाची किंमत तुम्ही कशी ठरवता?

उत्तर: सर, तुमचा घसारा बरोबर आहे, पण जुन्या मालात खरेदीदाराला वय कळतं, दुखणं कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर नेमका हाच निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी दर्जाची धरून किंमत करतो. म्हणून चांगल्या गाडीवाले बाजारातून निघून जातात आणि उरतो तो लिंबांचा ढीग. अमेरिकेत खोडीच्या गाडीला लिंबू म्हणतात. २००१च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

मी काय करते ते सांगते. किंमत उघड सांगायची, दर्जा आपण फासे टाकून चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी चार घड्या करून फाशांच्या डब्याखाली ठेवायची. खेळाडूंना पैसे देऊन मिस्त्री आणता येतो. मिस्त्रीनं आठ काढले तर चिठ्ठीतला एक शब्द वाचून दाखवायचा, सगळी चिठ्ठी नाही. पुन्हा मिस्त्री हवा तर पुन्हा पैसे. माझ्याकडे एकदा त्यांनी मिस्त्रींवरच यानाच्या विसाव्या हिश्शाएवढे पैसे उडवले आणि तरी डब्याखालची चिठ्ठी उघडायला कुणी तयार होईना. सहा महिने ती तशीच होती. एका बाजूला माव्याच्या केकचं तूप लागलंय.

हप्त्यांचं गणित तुमच्या मुलांना आवडेल. ट्रॅव्हलरमध्ये ते छोटं मालवाहू यान ३,७०,८०,००० क्रेडिटचं. पाचवा हिस्सा आधी भरायचा, मग दर महिन्याला किमतीचा २४०वा भाग, ४८० महिने. महिना १,५४,५०० क्रेडिट, चाळीस वर्षं. सगळं मिळून मूळ किमतीच्या २.२ पट. शिवाय वर्षाला किमतीचा हजारावा भाग देखभालीला, आणि त्यासाठी दोन आठवडे यान बंदरात उभं. मुलांना सांगा, ही देखभाल एक वर्ष चुकवली की साधं यान तुमच्या यादीत हलक्या दर्जाचं होतं. मग घसारा त्यांचा तेच काढतील.

प्रश्न (पेडणे): आमचे खेळाडू प्रत्येक दुकानात तासभर घासाघीस करतात. मोहीम राहते बाजूला. बंद करू का?

उत्तर: बंद कशाला? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वाढलेल्या माणसाला घासाघीस बंद म्हणजे शिक्षाच. पण मिरची घ्यायला गेलेली बाईसुद्धा तीन वाक्यांत आटपते: केवढ्याला, एवढे नाही, जाते मग. तेवढीच तीन वाक्यं प्रत्येकाला द्या आणि चौथ्याला फासे.

शिवाय दुकानदाराला गरज आहे की गिऱ्हाइकाला, हे आधी ठरवून ठेवा. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. जूनमध्ये आमच्या दुकानात माशा मारायचो, तेव्हा बाबा नायलॉनचा दोर म्हणाल त्या भावाला देत आणि वर चहा पाजत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तोच दोर, तेच बाबा. कुणी भाव विचारला तर मान न उचलता आकडा सांगत आणि हात पुढच्या गिऱ्हाइकाकडे.